अँटिबायोटिकमध्येच प्रोबायोटिक असलेली ‘एलबी’ गोळी: कोणी घ्यावी, कशी घ्यावी?

प्रश्न: मृणाल, सातारा

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या नियमित चालू आहेत. पायाच्या अंगठ्याजवळच्या जखमेत पू झाल्यामुळे डॉक्टरांनी जखम साफ करून ड्रेसिंग केले आणि ॲमॉक्सिसिलिन व क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची ‘६२५’ची गोळी सकाळ-संध्याकाळ, सात दिवस घेण्यास लिहून दिली. मेडिकलमधून मात्र साध्या ६२५ऐवजी नावापुढे ‘एलबी’ लिहिलेली स्ट्रिप मिळाली. विचारल्यावर, औषध तेच आहे, शिवाय यात पोटासाठीचेही आहे, असे उत्तर आले. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत ॲमॉक्सिसिलिन ५०० मि.ग्रॅ., क्लॅव्हुलॅनिक ॲसिड १२५ मि.ग्रॅ. आणि त्याखाली ‘लॅक्टिक ॲसिड बॅसिलस, ६० मिलियन स्पोअर्स’ असे छापलेले आहे; एलबी म्हणजे हेच.

कोर्स आता अर्ध्यावर आला आहे. पायाची सूज उतरते आहे, परंतु कालपासून वडिलांना दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होत आहे. ताप नाही, रक्त पडलेले नाही, पोटात थोडी गुरगुर आहे एवढेच. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक समजले जाणारे जिवंत जंतू, गोळीतच असताना असे का व्हावे, हे मला समजत नाही. वेगळे प्रोबायोटिक आणखी द्यावे का, आणि द्यायचे झाल्यास गोळीपासून किती अंतराने द्यावे?

आणखी दोन गोष्टी मनात आहेत. दोन पूर्ण स्ट्रिप घ्याव्या लागल्यामुळे काही गोळ्या उरणार आहेत आणि वडील म्हणतात, ‘ही पोटाला न बाधणारी गोळी आहे, ठेवून दे, सर्दी-खोकल्याला उपयोगी पडेल.’ दुसरे म्हणजे माझ्या वहिनींची केमोथेरपी चालू असून त्यांना पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली, मोठ्या शिरेतील नळीला जोडलेली छोटी डबी) बसवलेला आहे. आम्ही एकाच घरात राहतो. त्यांना कधी अँटिबायोटिक लागले, तर अशी एलबी गोळी चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: फार्मासिस्ट, सांगली

मृणालताई, सर्वप्रथम वडिलांच्या डॉक्टरांना आजच फोन करून दोन्ही गोष्टी सांगाव्यात: जुलाब सुरू झाले आहेत ही, आणि त्यांनी लिहिलेल्या गोळीऐवजी वेगळे संयोजन दिले गेले आहे ही. ६२५ हे शेड्यूल एच मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे, औषध आहे. अशा औषधाच्या बाबतीत चिठ्ठीत जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरी तयार गोळी डॉक्टरांना न विचारता देण्याची मुभा औषध नियमावलीने दुकानदाराला दिलेली नाही, मग आत मूळ औषध तेवढेच असले तरीही. ‘औषध तेच आहे’ हे अर्धेच उत्तर आहे, कारण तिसरा घटक कोणत्या रुग्णाला चालतो आणि कोणाला नाही, हे काउंटरवर कळत नसते. चिठ्ठी आणि स्ट्रिप शेजारी धरून घटकांची ओळ पडताळण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. नावापुढची एलबी, सीव्ही, एलए ही अक्षरे ब्रँडच्या नावाइतकीच महत्त्वाची असतात.

आता गोळी घेण्याच्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण पुष्कळ वेळा त्रास तिथूनच सुरू होतो. ६२५ची गोळी उपाशीपोटी न घेता जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन-चार घासांबरोबर घ्यावी. तसे केल्याने मळमळ आणि जुलाब कमी होतात आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड नीट शोषले जाते. हा घटक दमटपणाने फार लवकर खराब होतो, म्हणून तर ही गोळी जाड ॲल्युमिनियमच्या पाकिटात येते. आठवड्याच्या गोळ्या एकदम फोडून प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवणे या औषधाला चालत नाही. गोळी घेण्याच्या वेळीच पाकीट फोडावे.

लहान मुलांचे सुके सिरप घरी असेल, तर उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि सात दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे. एलबी असलेल्या सिरपलाही हेच लागू आहे; पाणी गरम असेल तर प्रतिजैविकाचेही नुकसान होते.

उरलेल्या गोळ्यांबद्दल माझे मत अगदी स्पष्ट आहे: ठेवू नयेत. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूवर ६२५चा काहीही परिणाम होत नाही. ‘एलबी’ या दोन अक्षरांमुळे अँटिबायोटिक सौम्य झाल्याचा समज मी काउंटरवर रोज ऐकतो. शेजारणीने दिली, मागच्या वेळी लागू पडली, पोटाला बाधत नाही, अशी कारणे सांगून लोक अर्धी स्ट्रिप मागतात. गोळीतील ॲमॉक्सिसिलिन तितकेच असते, त्याची ॲलर्जी तितकीच धोक्याची असते, आणि जंतूंना त्याची सवय होण्याचा धोकाही तेवढाच राहतो.

उत्तर २: वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका, पुणे

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. प्रोबायोटिक असूनही जुलाब का झाले, या मूळ प्रश्नाकडे येते.

स्ट्रिपवर लॅक्टिक ॲसिड बॅसिलस म्हणून जो जंतू छापलेला असतो तो बॅसिलस कोॲग्युलन्स होय. दह्यातील लॅक्टोबॅसिलसपेक्षा तो वेगळा आहे. प्रतिकूल स्थितीत तो स्वतःभोवती कवच तयार करून बीजाणूच्या (स्पोअरच्या) रूपात सुप्त राहतो, आणि त्यामुळेच गोळीत, दुकानातल्या उकाड्यात आणि जठरातील आम्लातही टिकून राहतो. बीजाणू सुप्त असेपर्यंत प्रतिजैविक त्याला मारू शकत नाही, पण सुप्त बीजाणू आतड्यासाठी काही कामही करत नाही. आतड्यात पोहोचून तो रुजला, की तो इतर जंतूंसारखाच उघडा पडतो आणि सोबत आलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या तावडीत सापडू शकतो. पेरणी आणि तणनाशकाची फवारणी एकाच वेळी करावी, तसे हे संयोजन आहे. सुट्या प्रोबायोटिकच्या बाबतीत आपण प्रतिजैविकानंतर दोन-तीन तासांचे अंतर ठेवू शकतो, कोर्स संपल्यावरही ते काही दिवस चालू ठेवू शकतो. एकाच गोळीत दोन्ही बांधले, की हे दोन्ही मार्ग बंद होतात.

दुसरा मुद्दा मात्रेचा आहे. ६० मिलियन म्हणजे ६ कोटी. दोन गोळ्यांचे मिळून दिवसाला १२ कोटी बीजाणू होतात. २०१९ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने मुलांवरील ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात सहा हजारांहून अधिक मुले होती. प्रतिजैविकाबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांना जुलाब झाले, तर न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते. मात्र हा फायदा ठळकपणे दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू देणाऱ्या चाचण्यांत. ज्यांच्याविषयी सर्वांत भरवशाचा पुरावा आहे ते दोन जंतू म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकॅरोमायसिस बोलार्डी. जंतू वेगळे असल्यामुळे आकड्यांची थेट तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही, तरीही १२ कोटी आणि ५०० कोटी यांतील चाळीस पटींचा फरक पाहता, मुलांच्या चाचण्यांचे यश एलबी गोळीच्या नावावर जमा करता येत नाही.

वयस्कर रुग्णांबाबत चित्र आणखी सावध करणारे आहे. इंग्लंड आणि वेल्समधील रुग्णालयांत ६५ वर्षांवरील सुमारे ३,००० रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तिच्यात लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियमचे भरपूर मात्रेतील मिश्रण देऊनही जुलाबांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. २०१८ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या एका लहान अभ्यासात तर असे दिसले, की प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यांतील मूळचे जंतू पूर्ववत होण्यास, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ लागला. या एका अभ्यासावरून प्रोबायोटिक वाईट ठरवणे योग्य नाही. पण ‘घेतले तर फायदाच, तोटा तर नाही’ हे विधान डॉक्टरांनीही जपून करावे, एवढे त्यातून नक्कीच निघते.

आता वडिलांबद्दल. ६२५मुळे होणारे बहुतेक जुलाब सौम्य असतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आतड्यांची हालचाल वाढवते. शिवाय न पचलेली पिष्टमय द्रव्ये आंबवणारे आतड्यातील जंतू कमी झाले, की ती द्रव्ये पाणी ओढून घेतात. मेटफॉर्मिननेही पातळ शौचास होऊ शकते, त्यामुळे दोघांचा परिणाम एकत्र होत असण्याची शक्यता डॉक्टरांनी पाहावी. तोवर ओआरएस द्यावे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचे, ग्लासभर पाण्यात थोडे-थोडे टाकायचे नाही. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नये, साखर तपासत राहावे. ग्लिमेपिराइड चालू असताना जुलाबांमुळे जेवण कमी झाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास लगेच साखर तपासून गोड द्यावे आणि त्या दिवशीच्या गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे.

प्रतिजैविक स्वतःच्या मनाने थांबवू नये, हे मी ठासून सांगते. मधुमेही माणसाच्या पायातील संसर्ग अर्धवट राहिला, तर तो हाडापर्यंत जाऊ शकतो. औषध बदलायचे की तेच पुढे चालू ठेवायचे, हा निर्णय जखम पाहणाऱ्या डॉक्टरांचा आहे. मात्र रक्त किंवा आव पडणे, ताप येणे, पोटात जोराची कळ येणे, लघवी कमी होणे किंवा शौचाच्या खेपा वाढत जाणे यांपैकी काहीही दिसले, तर फोनची वाट न पाहता दाखवायला न्यावे. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूमुळे होणारा आतड्यांचा दाह प्रतिजैविकाच्या कोर्समध्येच नव्हे, तर तो संपल्यानंतरच्या काही आठवड्यांतही होऊ शकतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घरच्या घरी दिल्यास आजार झाकला जातो आणि वाढतो.

प्रोबायोटिक द्यावेसे वाटत असेल, तर ते सुटे घ्यावे, पाकिटावर जंतूचे पूर्ण नाव आणि संख्या छापलेली असावी, आणि प्रतिजैविकानंतर निदान दोन तासांनी द्यावे. पूड गरम दुधात किंवा चहात मिसळू नये. सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्यामुळे ॲमॉक्सिसिलिन त्याला मारत नाही, म्हणून त्याला अंतराची तितकीशी गरज नसते. उलट फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध चालू असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

उत्तर ३: कुर्ला, मुंबई

एक जोड द्यावीशी वाटते. आमच्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेण्यास महापालिका सांगते. मेडिकलमध्ये डॉक्सिसायक्लिनच्याही एलबी असलेल्या कॅप्सूल मिळतात आणि पुष्कळ जण त्या ‘पोटाला आणखी चांगले’ म्हणून दुधाबरोबर किंवा वाटीभर दह्याबरोबर घेतात. दूध-दह्यातील कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवते आणि औषध कमी शोषले जाते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीतही तेच. या दोन औषधांपासून दूध, दही, ताक, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या निदान दोन तास लांब ठेवाव्यात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. गर्भवती स्त्रियांनी आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच दुसरे औषध घ्यावे. ६२५बरोबर दही-ताक खाण्यास अशी अडचण नाही, त्यामुळे काकांना जेवणात ताजे ताक सोसत असेल तर बिनधास्त द्यावे.

मृणाल, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी एलबी गोळी बंद करून साधी ६२५ जेवणाबरोबर पुढे चालू ठेवण्यास सांगितले आहे, आणि सॅकॅरोमायसिस बोलार्डीची २५० मि.ग्रॅ.ची पुडी दिवसातून दोनदा लिहून दिली आहे. उद्या जखम पाहण्यासाठी बोलावले आहे. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून न फोडलेली स्ट्रिप बदलून मागितली, ती त्यांनी बदलून दिली. वहिनींबद्दलचा प्रश्न मात्र राहिला आहे; त्यावर कोणी लिहिल्यास फार बरे होईल.

उत्तर ४: कर्करोग विभागातील परिचारिका, कोल्हापूर

मृणालताई, आपली शेवटची नोंद वाचून तातडीने लिहीत आहे, कारण वडिलांची ही पुडी आणि वहिनींचा पोर्ट यांचा थेट संबंध आहे, आणि बहुधा तुमच्या घरी पोर्ट असलेला रुग्ण आहे हे वडिलांच्या डॉक्टरांना माहीत नसावे.

सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे जिवंत यीस्ट आहे. निरोगी माणसाच्या पोटात ते काही दिवस राहते आणि बाहेर पडते. परंतु ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी किंवा पोर्ट आहे, ज्यांच्या पांढऱ्या पेशी केमोमुळे कमी झाल्या आहेत किंवा जे अतिदक्षता विभागात आहेत, अशा रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट शिरून जिवावर बेतणारा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. युरोपच्या औषध नियामकांनी अशा रुग्णांसाठी हे औषध निषिद्ध ठरवले आहे. विशेष म्हणजे, काही रुग्णांनी ते स्वतः घेतलेलेही नव्हते; शेजारच्या रुग्णासाठी पुडी फोडताना उडालेली बारीक पूड किंवा ती हाताळलेले हात नळीपर्यंत पोहोचले होते.

म्हणून आज डॉक्टरांना पुन्हा फोन करून वहिनींच्या पोर्टबद्दल सांगावे आणि पुडीची खरोखर गरज आहे का, हे विचारावे. वडिलांचे जुलाब सौम्य आहेत आणि त्यांच्या वयाच्या रुग्णांत प्रोबायोटिकचा फायदा किती अनिश्चित आहे हे वर आलेच आहे, तेव्हा ती सोडून देण्यास ते बहुधा हरकत घेणार नाहीत. ती द्यावीच लागली, तर वहिनी ज्या खोलीत असतात तिथे पुडी कधीही फोडू नये. स्वयंपाकघराच्या ओट्यावरही नको. शक्यतो अंगणात किंवा गॅलरीत, पेल्यातील पाण्याच्या अगदी जवळ धरून पुडी कापावी, रिकामी पुडी लगेच पिशवीत बांधून टाकावी आणि साबणाने हात धुवावेत. ज्या व्यक्तीने पुडी हाताळली तिने पोर्टच्या ड्रेसिंगला हात लावू नये.

वहिनींनी स्वतः कोणतेही प्रोबायोटिक, मग ते एलबी गोळीतील असो, प्लास्टिकच्या लहान कुपीतून प्यायचे बॅसिलस क्लॉसी असो किंवा बाजारातील प्रोबायोटिक पेय असो, त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरच्या विरजणाचे दही खावे की नाही, हेही पांढऱ्या पेशींच्या मोजणीवर ठरते आणि प्रत्येक केंद्राचे नियम थोडे वेगळे असतात. दातांच्या डॉक्टरांकडे किंवा अन्य कुठेही गेल्यास पोर्ट आणि केमो यांचा उल्लेख आधी करावा, आणि मेडिकलमधून मिळालेल्या स्ट्रिपवर लॅक्टिक ॲसिड बॅसिलस छापलेले दिसले तर ती तिथल्या तिथे परत करावी.

आणखी एक. केमो चालू असताना वहिनींना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर घरात उरलेली ६२५ देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात न्यायचे, आणि दारातच सांगायचे की केमो चालू आहे, शेवटची केमो अमुक दिवशी झाली आणि पोर्ट बसवलेला आहे. रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर आजच घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा.